तुमच्या खलाशाच्या हातातलं नाणं

सागरी इतिहास दालनाच्या सल्लागार समितीतील सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

दालनाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल. वाचणाऱ्यांना नाही कळलं तरी चालेल, कारण माझी तक्रार इमारतीबद्दल नाही, तिच्या भिंतीवर जे लिहिलंय त्याबद्दल आहे. यापूर्वी दोन पत्रं पाठवली. एकाची पोच आली, तीही छापील. म्हणून हे तिसरं, चारचौघांत वाचता येईल असं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या नातीला घेऊन मी तुमचं दालन बघायला आलो होतो. एकोणतीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस मी. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून निवृत्त झालो, आजोबांच्या काळात ज्याला सारंग म्हणायचे ते काम. दालनातल्या नुसत्या दोरखंडाच्या वासानेसुद्धा छाती भरून आली. गोदीत बांधलेल्या जहाजांच्या प्रतिकृती सुरेख आहेत. सागवानी फळ्यांचे सांधे कसे बसवत ते दाखवणारा तुकडा तर मी दोनदा हात लावून बघितला. (हात लावू नये अशी पाटी होती. माफ करा.)

मग आम्ही फोटो काढायच्या जागेपाशी आलो. लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र: एक ढोलकीवाला, सोनेरी बटणांचा गोरा अधिकारी आणि त्याच्याकडून नाणं घेणारा एक हसरा खलाशी. खलाशाच्या चेहऱ्याच्या जागी भोक. वर लिहिलेलं, ‘चला, नौदलात भरती व्हा!’ नातीने भोकातून तोंड काढलं, हात पुढे केला आणि ओरडली, “आजोबा, मला पैसे मिळाले!”

मी फोटो काढला. पोरीचा हिरमोड कशाला करायचा? पण त्या रात्री झोप लागली नाही.

ते नाणं काय होतं हे तुम्हाला ठाऊक असणार, कारण तुमच्यात इतिहासाचे जाणकार आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलाला माणसं पुरत नसत. पगार १६५३ साली ठरला तो १४० हून जास्त वर्षं तसाच राहिला. १७९७ साली स्पिटहेडला आरमारातल्या खलाशांनी जहाजं हलवायला नकार दिला, तेव्हा कुठे तो वाढला. व्यापारी जहाजावर, त्यातही युद्धाच्या काळात, याहून कितीतरी जास्त मिळायचे. मग नौदलात आपणहून जायचं कुणी? यावर सरकारने काढलेला उपाय सोपा होता. राजाच्या हुकमाने एक अधिकारी आणि सोट्या-तलवारी घेतलेली आठदहा माणसं बंदराच्या गल्ल्यांत फिरायची, आणि हाताला डांबर लागलेला, चालण्यात बोटीचा हेलकावा असलेला माणूस दिसला की धरायची. खानावळीतून, बिछान्यातून, बायकोच्या हातून. १७४० च्या कायद्याने १८ ते ५५ ही वयाची मर्यादा होती. अंधाऱ्या गल्लीत कुणाचं वय कोण विचारतो? धरलेल्या माणसांना एका लहान गलबताच्या तळघरात जाळीखाली कोंडायचे आणि तिथून लढाऊ जहाजावर. पुढे या कामाला रीतसर खातंच उघडलं, बंदराबंदरांत कचेऱ्या थाटल्या.

सगळ्यात वाईट प्रकार समुद्रावर चालायचा. पूर्वेकडून दीड-दोन वर्षांनी परतणारं जहाज घराच्या किनाऱ्याच्या टप्प्यात यायचं, आणि तिथेच नौदलाची नाव आडवी घालून चांगली चांगली माणसं उतरवून घ्यायचे. किनारा दिसतोय, धुरांडी दिसतायत, आणि माणूस पुन्हा कुठल्या तरी लढाईवर. मी नऊ-नऊ महिन्यांच्या सफरी केल्यात. घर दिसायच्या दिवशी खलाशाची काय अवस्था असते ते मला कुणी सांगायला नको.

या पकडापकडीला इंग्रजीत ‘प्रेस’ म्हणत. बोटीवर वाचायला वेळ भरपूर असतो, आणि परदेशी बंदरांतल्या खलाशी-मिशनमध्ये जाड जाड पुस्तकं फुकट मिळतात. त्यातल्या एकात मला या शब्दाचं मूळ सापडलं. दाबण्या-चेपण्याशी त्याचा मुळात संबंध नाही. मूळ शब्द ‘प्रेस्ट’, जुन्या फ्रेंचमधला. अर्थ, आगाऊ दिलेली रक्कम. माणसाच्या हातावर नाणं टेकवलं की तो राजाचा झाला.

आपल्या भाषेत याला तयार शब्द आहे: उचल. आपण पैसेही उचलतो आणि माणूसही उचलतो. बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगाम संपेपर्यंत फडातून हलू शकत नाही. त्याला बेडी लागत नाही. तुमच्या चित्रातल्या खलाशाच्या हातात आहे ती ही उचल, आणि तुम्ही तिला बक्षीस करून टाकलंत.

आता माझे आक्षेप. पाच आहेत, लहानमोठे.

पहिला त्या फळीबद्दल. त्यावर वेगळं काही लिहीत नाही, वर लिहिलंच आहे. एवढंच म्हणेन की गुलामांच्या बाजाराची फळी रंगवून तुम्ही पोरांना त्यात डोकं घालायला सांगितलं नसतं.

दुसरा आक्षेप जहाजांच्या प्रतिकृतींबद्दल. मिंडेन, १८१०. कॉर्नवॉलिस, १८१३. दोन्ही मुंबईच्या गोदीतली, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हातची. तुम्ही तोफा मोजल्यात, सागवान कुठलं ते सांगितलंत, पुढे १८४२ साली नानकिंगचा तह कॉर्नवॉलिसवर झाला हेही लिहिलंत. पण जहाज तोफांवर चालत नाही. त्या काळात इंग्रजी नौदलात १ लाख ४० हजारांवर माणसं होती आणि त्यांतली बरीच अशी उचलून आणलेली होती. उचलेगिरी इतकी वाढली होती की अमेरिकी जहाजं अडवून त्यांवरचे खलाशीही ‘तू इंग्रजच’ म्हणून काढून न्यायचे. असे हजारो नेले. १८०७ साली लेपर्ड नावाच्या इंग्रजी जहाजाने चेसापीक या अमेरिकी लढाऊ जहाजावर तोफा डागून चार जण उतरवून घेतले. १८१२ च्या इंग्रज-अमेरिकन युद्धाचं हे एक मोठं कारण. आणि एप्रिल १८१५ मध्ये, तह झाल्याची बातमी दर्यावर पोचायच्या आत, हॉर्नेट या अमेरिकी जहाजाचा पाठलाग केला कुणी? आपल्या कॉर्नवॉलिसने. हॉर्नेटवाल्यांनी जीव वाचवायला तोफासुद्धा समुद्रात फेकल्या. मुंबईचं सागवान कुठल्या भांडणात कुठवर गेलं बघा. इतकी रंगतदार गोष्ट प्रतिकृतीच्या बाजूच्या जागेत मावली नाही, याचं मला नवल वाटतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा. तुमच्या फलकावर एक वाक्य आहे. मी ते वहीत उतरवून घेतलं: ‘समुद्राच्या साहसाची ओढ असलेले कोकणी तरुण मोठ्या संख्येने ब्रिटिश जहाजांवर दाखल झाले.’

हे वाक्य लिहिणाऱ्याने कोकणातल्या एकाही बोटीवाल्याच्या घरी चहा घेतलेला नाही.

आमचे लोक त्या जहाजांवर पोचले कसे, याची एक वाट त्या इंग्लंडच्या पकडापकडीतूनच येते. कंपनीचं जहाज मुंबईला किंवा मद्रासला लागलं की नौदल त्यावरचे गोरे खलाशी काढून घ्यायचं. परतीचा प्रवास करायचा कसा? मग रिकाम्या जागी इथली माणसं भरायची. इंग्लंडच्या कायद्यात तीन-चतुर्थांश खलाशी ब्रिटिश हवेत अशी अट होती; युद्धापुरती ती सैल केली. १८०३ साली २२४ लस्कर इंग्लंडात पोचले, १८१३ साली १,३३६. (लस्कर म्हणजे लष्कर. फौजेचा शब्द, पण घासून घासून जहाजावरच्या सगळ्यात स्वस्त माणसाचं नाव झाला.) लढाई संपली, गोरे खलाशी मोकळे झाले, आणि लंडनच्या शॅडवेलला थंडीत कुडकुडणारे लस्कर नकोसे झाले. १८२३ च्या कायद्याने त्यांना ब्रिटिश खलाशी मानायचं नाही आणि परत पाठवायची सोय करायची असं ठरलं. एका माणसाच्या सक्तीने झालेली भोकं दुसऱ्या माणसाच्या गरजेने बुजवली आणि काम झाल्यावर त्याला बाहेर काढला. यात साहसाची ओढ कुठे आहे ते मला दाखवा.

माझ्या आजोबांच्या वेळेपर्यंत ही व्यवस्था पक्की बसली होती. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले लोक, बरेचसे कोकणी मुसलमान, काही खारवी. खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण. जेवणखाण आणि केबिनीत गोव्याचे लोक. ही माणसं मिळवून देणारा घाट-सारंग. आजोबांना कुणी सोट्याने मारून नेलं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल. ते आपल्या पायांनी आमच्या जयगड खाडीतून आगबोटीने मुंबईला आले. गावाच्या खोलीत उतरले. बोट मिळेपर्यंत सात महिने गेले. या सात महिन्यांचं खाणं, भाडं, घरी पाठवायला दहा रुपये, सगळं घाट-सारंगाच्या वहीत. बोट मिळाली ती त्याच्या मर्जीने, मर्जी मिळाली ती नजराणा कबूल केल्यावर, आणि नजराणाही वहीतच. सफर संपवून हातात पगार पडला की सारंगाचा माणूस गोदीच्या दारात उभा. उरलेल्या पैशात गावी जाऊन छपराची कौलं बदलली की पुन्हा मुंबई, पुन्हा वही. असं बावीस वर्षं.

हे घरगुती रडगाणं नाही. खलाशांच्या भरतीतली ही लाचखोरी आणि दलाली इतकी उघड होती की १९२० साली इटलीतल्या जिनोआला झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत खलाशाला काम मिळवून देण्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत असा करार झाला. पुढे आपल्याकडे कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी व्हिटली आयोगानेही याच दुखण्यावर बोट ठेवलं. घाट-सारंग मात्र हलला नाही, कारण जहाज कंपन्यांना तो सोयीचा होता.

आणि एकदा करार झाला की मागे फिरणं हा गुन्हा. १९३९ साली युद्ध पेटल्यावर इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत आपल्या खलाशांनी सांगितलं, पाणबुड्यांच्या तोंडी जायचं तर पगार वाढवा, नाहीतर जहाज हलणार नाही. गोऱ्या खलाशाच्या चौथाई-पाचवाई पगारावर काम करणारे लोक हे. शेकडोंना तुरुंगात टाकलं. काम नको म्हटल्यावर ज्याला कोठडी मिळते त्याच्या कामाला आपल्याकडे एक जुना शब्द आहे, वेठ. किल्ल्यांच्या दगडांपासून साहेबाच्या डाकबंगल्यापर्यंत आपल्या गावांनी ती वाहिलेली आहे. दर्यावरही ती होती असं लिहायला तुम्हाला संकोच का वाटावा?

चौथा आक्षेप मोजमापाचा. तुमच्याकडे एका कप्तानाची केबिन हुबेहूब उभी केलीय, पलंग, नकाशे, चांदीची दौत. छान. पण जुन्या कायद्यात जहाजावर गोऱ्या खलाशाला ७२ घनफूट जागा द्यावी लागे, पुढे ती १२० झाली, लस्कराला ३६. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. घरी टेप असेल तर जमिनीवर खडूने आखून बघा. एवढी जागा तुमच्या तिकीट खिडकीशेजारी सहज निघेल. कप्तानाच्या केबिनीपेक्षा पोरांना ती जास्त आठवेल.

पाचवा आक्षेप मी खरं तर लिहिणार नव्हतो. आजोबांचे धाकटे भाऊ १९४२ साली अटलांटिकमध्ये गेले. बोट बुडाल्याचं पत्र आलं, तारीख नव्हती. तिथीच माहीत नाही म्हणून आमच्या घरात सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढतात. शेजारच्या मोहल्ल्यातही त्याच बोटीवर गेलेले दोघे होते. दुसऱ्या महायुद्धात असे सहा हजारांहून जास्त भारतीय व्यापारी खलाशी गेले. पहिल्या महायुद्धातल्यांचं स्मारक मशीद बंदरच्या खलाशी गृहाच्या आवारात आहे, तुमच्यापासून टॅक्सीने जाण्याएवढं जवळ. कोलकात्यात हुगळीकाठी बंगाल-आसामच्या ८९६ लस्करांचं स्मारक १९२४ पासून उभं आहे. तुमच्या अख्ख्या दालनात एकाही खलाशाचं नाव नाही. मालकांची आहेत, कप्तानांची आहेत, एका जहाजावरच्या कुत्र्याचंसुद्धा आहे. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही, गोड आहे.

दालनाच्या माणसाला मी तिथेच विचारलं होतं. त्याने अदबीने सांगितलं, काका, चौथा फलक खलाशांचा होता, पण जागा कमी पडली आणि शिवाय “लोकांना निगेटिव्ह आवडत नाही.” बिचारा नोकरी करतो, त्याला काय बोलणार. निर्णय तुमचा आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. पानिपत आपण शाळेत शिकवतो ना? मग घाट-सारंगाची वही एवढी कडू का वाटावी?

कुणी म्हणेल, जुनं उकरून काय मिळणार. १९७८ साली पहिल्या बोटीसाठी एका दलालाने माझ्याकडून जे पैसे घेतले ते आईच्या दोन पाटल्या मोडून दिले होते. दलालाचं नाव लिहीत नाही, तो हयातही नाही. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ साली मान्य केला. खलाशाकडून भरतीचे पैसे घेणं आज बेकायदेशीर आहे. तरी आमच्या खाडीकाठचा एक पोरगा गेल्या वर्षी चार लाख देऊन आला आणि अजून घरीच बसलाय. त्याला कुणी समुद्रावर ओढून नेलेलं नाही. तो स्वतः पैसे मोजून रांगेत उभा आहे. तुमच्या दालनात असा मुलगा येईल तेव्हा त्याला ती हसरी फळी दिसावी की आजोबांच्या वेळची वही, एवढंच ठरवायचं आहे.

मागण्या साध्या आहेत.

ती फळी काढा. ठेवायचीच असेल तर तिच्या मागच्या बाजूला, भोकातून डोकं काढणाऱ्याला दिसेल असं, नाणं हातात पडल्यावर पुढे काय व्हायचं ते मराठीत लिहा. ‘साहसाची ओढ’ हे वाक्य बदला. कर्ज, घाट-सारंग आणि तुरुंग हे तीन शब्द त्यात यायला हवेत, बाकी भाषा तुमची. चौथा फलक परत लावा. छत्तीस घनफुटांची चौकट आखा. सुतारकाम गावातली पोरं फुकट करून देतील, मी शब्द देतो. दालनाच्या समितीत निदान दोन निवृत्त खलाशी घ्या, एक डेकवरचा, एक इंजिनातला. आणि नावांची एक भिंत हवी. ती एका दिवसात होणार नाही हे मला कळतं. जिल्ह्यातल्या घराघरांत ट्रंका पडून आहेत. तुम्ही एक दिवस रत्नागिरीला येऊन बसा, लोक कागद घेऊन येतील.

माझ्याकडे आजोबांची नली आहे. बोटीवरच्या नोकरीच्या दाखल्याला ते नली म्हणायचे. पानापानावर सफरीचे शिक्के, वागणूक ‘व्हेरी गुड’, बावीस वर्षं ‘व्हेरी गुड’. ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण लिहिलाय. आजोबांना मोडीत झोकात सही करता यायची, पत्रं आहेत घरात. पण दाखल्यावर सहीच्या जागी अंगठा आहे. खलाशी म्हटला की अंगठा, विचारायचं कशाला, असं कचेरीतल्या कारकुनाला वाटलं असणार. शाई थोडी फिसकटलीय, म्हणजे हात घाईने ओढलेला.

ही नली दालनाला द्यायची माझी तयारी आहे, कायमची, पैसे नकोत. फक्त ती त्या फळीच्या शेजारी लागणार असेल, तर ट्रंकेत आहे तिथेच बरी.

दोन महिने वाट बघतो. पोच छापील नसावी.

आपला,
एक निवृत्त बोसन
जयगड खाडीकाठ, जि. रत्नागिरी